जिन्यावरची ट्रंक

"बाजूला सरक गं! मागं सगळी लाईन तुंबलीय!"

वॉर्डन पुल्लम्मा तिसऱ्या मजल्यावरून ओरडत होती. मी खालून जिना चढत होते, माझ्या गुडघ्यांना शिव्या देत. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक निळी पत्र्याची ट्रंक आडवी पडली होती आणि तिच्या शेजारी डोक्यावर गादीची वळकटी घेऊन स्रवंती उभी होती. ट्रंकेची कडी तुटलेली, म्हणून ती नायलॉनच्या दोरीने आवळलेली होती. दोरी एका बाजूने घसरली होती आणि पोरगी एका हाताने वळकटी सांभाळत दुसऱ्या हाताने ती जागेवर ओढायला बघत होती.

"तू?" मी म्हटलं. "तू कुठं निघालीस?"

"खाली, मॅडम."

सोमवार म्हणजे आमच्या कॉलेजात सामान हलवायचा दिवस. रविवारी परीक्षा होते, संध्याकाळी उत्तरं भिंतीवर लागतात, आणि सोमवारी सकाळी ज्या मुलींचे मार्क घसरले त्या आपापली ट्रंक, गादी आणि बादली घेऊन खालच्या मजल्यावर राहायला जातात. ज्यांचे वाढले त्या वर येतात. तिसऱ्या मजल्यावर पहिली बॅच. तिथे एसीचा हॉल, तिथे चांगले शिक्षक, तिथल्याच मुलींचे फोटो पुढे फ्लेक्सवर लागतात. तळमजल्यावर गेलेल्या मुलीला पुन्हा वर आलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. विजयवाड्यात अशी अकरावी-बारावीची हॉस्टेलवाली कॉलेजं गल्लीगल्लीत आहेत आणि सगळीकडे सोमवारी सकाळी जिन्यावर हाच तमाशा असतो. ज्याच्या कुणाच्या डोक्यातून ही कल्पना निघाली त्याला एकदा गादी डोक्यावर घेऊन चढउतार करायला लावली पाहिजे.

पण स्रवंती खाली? ही मुलगी वर्षाच्या सुरुवातीपासून तिसऱ्या मजल्यावरची. कनिगिरीकडची, बाप लॉरीवर ड्रायव्हर. वर्गात तिला सगळ्या 'पण-मॅडम' म्हणून चिडवायच्या. मी फळ्यावर काहीही लिहिलं की मागून आवाज यायचा, "पण मॅडम, असं कसं?" शनिवारीच तिने मला एक गणित पुसून पुन्हा करायला लावलं होतं. माझंच चिन्ह चुकलं होतं. मी तिला म्हटलं, "गधडे, तू माझं पेन्शन खाणार." आणि मनातून मला असं बरं वाटलं होतं म्हणून सांगू!

"कशात गेले मार्क?"

"एन्ट्रॉपीच्या प्रश्नात, मॅडम."

"तुझे? एन्ट्रॉपीत?"

"त्यांच्या उत्तरात शून्य दिलंय. मी आर गुणिले लॉग दोन लिहिलं होतं." तिने वळकटी सावरली. "काल संध्याकाळी वरप्रसाद सरांकडे गेले होते मी. म्हटलं, पण सर, असं कसं? तर ते म्हणाले, उत्तरं तू काढणार का आता कॉलेजची? आणि चार मुलींसमोर म्हणाले, फार शहाणी झालीस, खाली जा, डोकं थंड होईल."

मी तिच्याकडून प्रश्न पुन्हा ऐकला. पाठ होता तिला, बिचारीला. बंद भांडं, बाहेरून उष्णता आत येत नाही, आतली बाहेर जात नाही. बरोबर मधे पडदा. एका बाजूला एक मोल वायू, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, निव्वळ पोकळी. पडदा फाडला. वायू सगळ्या भांड्यात पसरला. त्याच्या एन्ट्रॉपीत, म्हणजे विस्कटलेपणाच्या मापात, बदल किती झाला?

आता हा प्रश्न म्हणजे सापळा आहे, आणि तो कुठे लावलेला आहे हे मी तीस वर्षं शिकवत आले. कच्चं पोर म्हणतं, उष्णता आली नाही, गेली नाही, म्हणजे उष्णता शून्य. उष्णतेला तापमानाने भागायचं, म्हणजे बदल शून्य. सुटलं गणित, चला जेवायला! अरे, पण मग तो वायू आपण होऊन परत अर्ध्या भांड्यात जाऊन बसेल का? जन्मात नाही बसणार. मग बदल शून्य कसा?

आमच्या सरांनी विशाखापट्टणमला एम.एस्सी.ला आम्हाला हे शिकवलं तेव्हा ते खडू खाली ठेवून बोलले होते. जे एका झटक्यात घडतं आणि उलट फिरवता येत नाही, त्याचा हिशेब ते घडलं त्या वाटेने करू नका, म्हणाले. तिथे काही हाती लागत नाही. सुरुवात बघा, शेवट बघा, आणि त्याच दोन टोकांमध्ये एक दुसरी वाट आखा. हळूहळू जाणारी, प्रत्येक पावलावर परत फिरता येईल अशी. त्या वाटेवरची उष्णता मोजा. तो खरा बदल. त्या वाटेने वायू पसरवला तर तो जेवढं घेतो तेवढंच बाहेरचं जग देतं, दोन्ही मिळून शून्य. पण पडदा फाडून पसरवला तर वायूचा बदल तेवढाच असतो आणि बाहेरून कुणी काही दिलेलं नसतं. ती बेरीज मग कधीच शून्य होत नाही.

माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं दुसरं काही नाही. आधी मछलीपट्टणमच्या कॉलेजात, ते बंद पडल्यावर इथे, एवढी एक गोष्ट मी पोरांना नीट शिकवली. आणि आज माझ्याच कॉलेजने ती भिंतीवर उलटी चिकटवली होती. त्यासाठी ही पोर ट्रंक घेऊन जिना उतरत होती. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मला समोरचं दिसेना.

"ठेव ती गादी खाली," मी म्हटलं.

"पण मॅडम, मागं लाईन..."

"ठेव म्हणते ना!"

तिने ठेवली. मी साडीचा पदर खोचला आणि ट्रंकेवर बसले. भिंतीपासून कठड्यापर्यंत जिना बंद झाला. वरून उतरणाऱ्या मुली वर थांबल्या, खालून चढणाऱ्या खाली. कुणाच्या डोक्यावर गादी, कुणाच्या हातात बादली, बादलीत कपडे आणि लोणच्याची बरणी.

पुल्लम्मा धावत खाली आली. "अगं बाई, राज्यलक्ष्मी मॅडम! चक्कर आली का? पाणी आणू?"

"चक्कर नाही आली. बसलेय."

"इथं?"

"इथं. वरप्रसादला बोलाव. तो येईपर्यंत या जिन्यावरून एक बादली हलायची नाही."

"आता गं बाई!" पुल्लम्मा म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून, ट्रंकेचं टोक ओलांडून खाली पळाली. हसू दाबत होती की घाबरली होती, कोण जाणे.

वरप्रसाद आमचा डीन. सगळ्या परीक्षा, सगळ्या बॅचेस त्याच्या हातात. हा माझाच विद्यार्थी, मछलीपट्टणमच्या जुन्या कॉलेजातला. तेव्हा हाडं मोजून घ्यावीत असा होता, केसांतून तेल गळायचं, आणि पहिल्या बाकावर बसून माझं प्रत्येक वाक्य तोंड उघडं ठेवून ऐकायचा. आता गळ्यात फीतवालं ओळखपत्र, अंगाला अत्तर, आणि चालताना फोन कानाला. जिन्यापाशी आला, मान वर करून बघितलं आणि फोन खिशात टाकला.

"मॅडम, हे काय? उठा बरं. मुली बघतायत."

"बघू देत. तिकीट नाही."

"चला, केबिनमध्ये बसून बोलू. कॉफी मागवतो."

"केबिनमध्ये तू दार लावून घेतोस. इथंच बोल. ही पोर खाली का चाललीय?"

"मार्क कमी पडले, मॅडम. नियम सगळ्यांना सारखा."

"कुठल्या प्रश्नात कमी पडले?"

तो दोन पायऱ्या चढून माझ्याजवळ आला.

"तू सांगत नसशील तर मी विचारते," मी म्हटलं आणि वर बघून आवाज चढवला. "काय गं पोरींनो! पडदा फाडला, वायू पसरला. आता तो आपण होऊन परत जाईल का?"

"नाही, मॅडम!" वरून आणि खालून एकदमच आवाज आला. त्यांना काय, मजाच चालली होती.

"मग काहीतरी बदललं की नाही?"

"बदललं, मॅडम!"

"ऐकलंस? बादल्या हातात धरून उभ्या आहेत, तरी सांगतायत. आणि तू भिंतीवर शून्य लावलंस. उष्णता शून्य, म्हणून बदल शून्य. असं शिकवलं होतं मी तुला?"

वरप्रसाद माझ्या कानाशी वाकला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "मॅडम, मला माहितीय उत्तर काय ते."

खरं सांगते, तोपर्यंत मी फक्त चिडलेली होते. त्याला समजलं नसतं, तो विसरला असता, तर मी त्याचा कान पिरगाळला असता आणि सोडून दिलं असतं. पण त्याला माहीत होतं! काल संध्याकाळी ही मुलगी त्याच्यासमोर उभी राहून 'पण सर' म्हणत होती, तेव्हाही माहीत होतं.

"माहितीय? मग रे?"

"उत्तरं वरून येतात, मॅडम. मुख्य कचेरीतून. सगळ्या शाखांना एकच. काल रात्रीच पहिल्या नंबरांचे फ्लेक्स लागले चौकात. आता उत्तर बदललं तर नंबर बदलतात, फोटो बदलतात. त्या फोटोतल्या पोराच्या बापानं गावभर मिठाई वाटलीय. कोण निस्तरणार हे?"

"फ्लेक्स फाड."

"तुम्हाला बोलायला काय जातंय, मॅडम? मला दोन लेकरं आहेत."

"आणि ही काय उघड्यावर पडलेली आहे?"

स्रवंती भिंतीला टेकून उभी होती. ती आमच्या दोघांच्याही तोंडाकडे बघत नव्हती, पायाच्या अंगठ्याने दोरीचं सुटलेलं टोक दाबून धरत होती.

वरप्रसादने समजुतीचा सूर लावला. पालकांशी बोलताना लावतो तोच. "अहो मॅडम, एवढं काय त्यात? हुशार मुलगी आहे. पुढच्या रविवारी चढेल परत वर. जिना आहे हा, दोन्हीकडून चालतो. होती तिथं परत आली की झालं. फरक काय पडतो?"

"फरक काय पडतो?" मी ट्रंकेवरूनच ओरडले. "अरे गाढवा, पसरलेला वायू परत अर्ध्या भांड्यात कोंबता येतो. येतो ना? पण कुणाला तरी बाहेरून जोर लावून कोंबावा लागतो, आणि त्याची उष्णता बाहेर पडते ती पडतेच. वायू होता तिथं येतो, बाहेरचं जग होतं तिथं येत नाही. पहिल्या बाकावर बसून हे लिहून घेतलं होतंस तू. तुला मी पैकीच्या पैकी मार्क दिले होते!"

खालच्या मुलींमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. वरप्रसादचे कान लाल झाले. तो जिना उतरला आणि खालच्या वळणावर उभा राहून फोनवर बोलू लागला. आम्हाला फक्त "हो सर, हो सर" ऐकू येत होतं आणि मधेच एकदा "वय झालंय त्यांचं, सर" असं आलं. बोल बाबा, मी मनात म्हटलं. वय झालंय, गुडघे गेलेत, पण या ट्रंकेवरून मला उठवायला तुला तुझा मालक आणावा लागेल.

परत आला तेव्हा त्याचा चेहरा मोकळा झाला होता.

"झालं, मॅडम. तो प्रश्न रद्द. सगळ्यांना पूर्ण मार्क. स्रवंती वर येते. घे गं पोरी तुझं सामान, जा वर."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. पुल्लम्मानेही वाजवल्या. मीसुद्धा क्षणभर खूश झाले, आणि कठड्याला धरून उठायला लागले. अर्धी उठल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला.

"सगळ्यांना म्हणजे? शून्य लिहिलं त्यांनाही?"

"सगळ्यांना. म्हणजे वरच्या नंबरांना धक्का नाही, फ्लेक्सला धक्का नाही, आणि तुमची मुलगीही वर. आता तरी झालं ना मनासारखं?"

"आणि हिचं बरोबर होतं, ते? ते कोण सांगणार?"

"मॅडम," वरप्रसाद अगदी गोड हसला, "प्रश्नच राहिला नाही, तर बरोबर आणि चूक कुठून राहणार?"

मी तिथे कठडा धरून उभी, पुल्लम्माने ट्रंक भिंतीकडे ओढली आणि लाईन सुरू झाली. माझ्या शेजारून गाद्या गेल्या, बादल्या गेल्या. स्रवंतीने ट्रंक उचलली, तिची मैत्रीण दुसऱ्या बाजूने धरायला आली, आणि दोघी वर गेल्या. जाताना ती मला "थँक्यू, मॅडम" म्हणाली. तेवढंच.

स्टाफरूममध्ये मी डबा उघडला. पुळिहोरा होता, चिंचेचा भात, नवऱ्याने सकाळी उठून केलेला. ते रिटायर झाल्यापासून स्वयंपाक त्यांच्याकडे असतो आणि रोज मी निघताना मला एकच गोष्ट सांगतात, आज कुणाशी भांडू नकोस. दोन घास घेतले आणि झाकण लावलं. जाईना.

मग तिसऱ्या मजल्यावर पहिल्या बॅचचा तास होता. एसीच्या हॉलमध्ये शिरताना नेहमी मला बरं वाटतं, आज तेही वाटलं नाही. मी हजेरी घेतली नाही, पुस्तक उघडलं नाही. फळ्यावर भांडं काढलं, मधे पडदा काढला, एका बाजूला ठिपके मारले. सगळ्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या.

"स्रवंती, ऊठ. या वायूच्या एन्ट्रॉपीत किती बदल झाला? कसा काढला तेही सांग. मोठ्यानं सांग, सगळ्यांना ऐकू दे."

ती उठली. "मॅडम, तो प्रश्न रद्द झालाय."

कुणी हसलं नाही. तिने टोमणाही मारला नव्हता. माझ्या कानांना टोमणा कळतो, आयुष्यभर ऐकले आहेत. ही नुसती माहिती देत होती.

"मला माहितीय रद्द झालाय. मी रद्द केलेला नाही. तू उत्तर सांग."

"परीक्षेत काय लिहायचं ते सांगा, मॅडम. मी तेच लिहीन."

"मी परीक्षेचं विचारत नाहीय. खरं काय ते विचारतेय."

तिने फळ्याकडे बघितलं. उत्तर तिच्या जिभेवर होतं, हे मला दिसत होतं, आणि ते तिने गिळलं हेही दिसलं.

"मला नीट आठवत नाही, मॅडम. बसू का?"

मी तिला बसवलं. गणित मी सोडवलं. दोन टोकं लिहिली, मधली सावकाश वाट आखली, त्या वाटेवरची उष्णता काढली, तापमानाने भागली. लिहिता लिहिता मी मुद्दाम शेवटच्या ओळीत चिन्ह चुकवलं. अधिकच्या जागी उणे. धडधडीत चूक, आंधळ्यालाही दिसेल अशी. आणि फळ्याकडे तोंड करून थांबले. मागून आवाज येईल म्हणून थांबले.

पेनांचा आवाज येत होता. सगळ्या मुली उणे उतरवून घेत होत्या. वळून बघितलं तर तीही मान खाली घालून लिहीत होती. मी इतक्या जोरात पुसलं की डस्टर हातातून निसटला.

"काय लिहिताय? उणे लिहिताय? डोकी कुठं ठेवून आलात, खाली ट्रंकेत? खोडा ते!" मी कुणावर ओरडत होते ते त्यांना कळलं नाही. त्यांनी मुकाट्याने खोडलं.

जेवणाच्या सुट्टीत मुली खाली मेसमध्ये गेल्या आणि मी तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत गेले. शिक्षकांनी खोल्यांत जायचं नसतं. पुल्लम्माने मला जाताना बघितलं आणि दुसरीकडे तोंड केलं.

स्रवंती खोलीतच होती, खाटेवर बसलेली. गादीची वळकटी सोडलेली नव्हती, ती गुंडाळलेल्या गादीला टेकून बसली होती. समोर ट्रंक, तशीच दोरीने आवळलेली. हातातला कंगवा ती ट्रंकेच्या फटीतून आत सरकवायला बघत होती.

"सामान का नाही लावलंस?"

ती गडबडीने उभी राहिली. "असू दे, मॅडम. पुन्हा बांधावं लागतं."

"कुणी सांगितलं बांधावं लागतं म्हणून?"

तिने कंगवा फटीतून आत ढकलला. सोमवार काही या आठवड्यापुरता नव्हता.

मी खाली फरशीवर बसले. गुडघे कडकडले, पण बसले. दोरीची गाठ तिने सकाळच्या घसरणीनंतर पुन्हा मारली होती, एकावर एक तीन वेढे देऊन. नखांनी सुटेना. माझं नख मोडलं. ती म्हणाली, "राहू द्या ना, मॅडम." मी म्हटलं, "तू गप्प बस." मी वाकले आणि दातांनी ओढली. नायलॉनची चव अजून तोंडात आहे. साठीला आलेली बाई, एम.एस्सी. झालेली, हॉस्टेलच्या फरशीवर बसून दातांनी दोरी सोडते आहे! वरप्रसादने बघितलं असतं तर त्याला माझ्या वयाबद्दल फोनवर सांगायला आणखी एक गोष्ट मिळाली असती. रागाने माझे डोळे भरून आले होते. रागानेच.

गाठ सुटली. मी दोरी ओढून काढली, हाताला गुंडाळली आणि माझ्या पिशवीत डब्याशेजारी टाकली.

"पण मॅडम," स्रवंती म्हणाली, "सोमवारी लागेल ती."

सकाळच्या तासापासून त्या एका 'पण'साठी मी कान टवकारून होते. आला, तो दोरीसाठी आला.

"लागली तर माझ्याकडे ये मागायला," मी म्हटलं. "मला उत्तर सांग आणि घेऊन जा."

तिने मान हलवली. हो म्हणाली की नाही, ते मला कळलं नाही. मी खाटेला धरून उठले. ट्रंकेचं झाकण, कडी नसल्यामुळे, बोटभर उघडं राहिलं होतं. तिने ते हाताने दाबलं. हात काढला की ते पुन्हा वर येत होतं. मी दारातून बाहेर पडले तेव्हाही ती त्यावर हात ठेवून उभी होती.